तू कुठे राहत होतीस, हे उद्या विचारणार आहेत

प्रिय सुमन,

तू गेल्यापासून तुझ्याशी मनातल्या मनात बोलतोच आहे. लिहायला मात्र आज बसलो, कारण उद्या सकाळी मला कोर्टात उभं राहायचं आहे. तिथे मला एकच गोष्ट विचारणार आहेत. तुमची बायको शेवटचे दिवस कुठे राहत होती?

किती सोपा प्रश्न! जन्मभर तुझ्याबरोबर राहिलेल्या माणसाला याचं उत्तर द्यायला वेळ लागावा का? पण ते उत्तर मी एकदा सहीनिशी देऊन बसलो आहे, आणि ते खोटं दिलं आहे. तुला हे कोणी सांगितलं नसेल. मीच सांगतो.

 वही नातीची, सईची आहे, चौकटीचौकटीची, आणि माझं अक्षर त्या चौकटींत मावत नाही. सातवीनंतर मी एवढं लांबलचक काही लिहिलेलं नाही, तेव्हा चुका काढत बसू नकोस. आपली सूनबाई, अश्विनी, शेजारच्या खोलीत ऑफिसचं काम करते आहे. मधूनच दार किलकिलं करून "बाबा, चहा टाकू का?" विचारते. मी नको म्हणतो. 

तुझा कलश अजून इथेच जर्मनीत आहे, कायझर्सलाउटर्नमध्ये, अंत्यविधी करणाऱ्या माणसाच्या कपाटात. घरी देत नाहीत. मी दोनदा बघायला गेलो. माणूस सज्जन आहे, कपाट उघडून दाखवतो आणि मागे सरून उभा राहतो. कलशावर नंबर आहे. तुझं नाव त्याखाली, बारीक अक्षरात. तुला नंबर लागलेला मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. रेशनच्या दुकानातसुद्धा तू रांग मोडून पुढे जायचीस ना गं?

आणि तू तिथे अडकून आहेस ती माझ्यामुळे.

आपल्या मनोजला इथल्या संशोधनसंस्थेत नोकरी लागली तेव्हा मी किती कुरकुर केली होती, आठवतं? र्युसेल्सहाइमच्या घरात आपला जम बसला होता. गाड्यांच्या कारखान्यातली त्याची नोकरी काही वाईट नव्हती. मला बाकाबाकावरचे म्हातारे ओळखत होते. पुन्हा नवं गाव, नवी बस, नवे कचऱ्याचे डबे. तू मात्र खोकी भरायला बसलीस. म्हणालीस, "अहो, तुम्हाला इथेही काही येत नव्हतं नि तिथेही येणार नाही. मग कुठेही राहिलात तरी सारखंच की."

गणपती उठले आणि आपण या घरात आलो. त्याच आठवड्यात पितृपंधरवडा लागला. नव्या पत्त्यावर नाव लावायला मनोजने सगळ्यांसाठी टर्मिन, म्हणजे ऑफिसातली ठरलेली वेळ, घेतली होती. इथे घर बदललं की दोन आठवड्यांत ऑफिसात जाऊन नाव नोंदवावं लागतं, तीच ती अनमेल्डुंग. टर्मिन मिळाली ती नेमकी पंधरवड्यात. मी म्हणालो, तुम्ही तिघं नोंदवा, तुमच्या नोकरीचं नि शाळेचं अडेल. आम्हा दोघांची नावं या दिवसांत नव्या घराला लावायची नाहीत. दसऱ्याला लावू.

मनोज चिडला. तू हसलीस. म्हणालीस, "नाव लिहिणं म्हणजे काय वास्तुशांत आहे का? आणि देव मी पहिल्याच दिवशी मांडलेत, ते चाललं. त्यांना काय पंधरा दिवस खोक्यात ठेवायचं?" मी ऐकलं नाही. मला अपशकुनाची भीती. माझ्या वडिलांनी याच दिवसांत बैल घेतला होता आणि तो महिन्यात गेला, ही गोष्ट मी तुला शंभरदा सांगितली असेल. तू शंभरदा ऐकलीस. शेवटी मनोजने आपल्या दोघांची टर्मिन पुढची घेतली, दसऱ्यानंतरची.

नवरात्राच्या आठव्या माळेला तू गेलीस.

सकाळी भांडी घासताना खाली बसलीस, आणि दुपारी हॉस्पिटलमध्ये ती डॉक्टरीण मास्क काढून आमच्याकडे आली. तिने तुझं कार्ड मागितलं. त्यावर पत्ता र्युसेल्सहाइमचा. तिने तोच लिहून घेतला. तेव्हा मला काही कळलं नाही. कोणाला कळलं असतं?

कळलं ते तुझा कागद सापडल्यावर. तुझ्या पोथीत घडी करून ठेवला होतास. तू, मला न सांगता! अश्विनीला माहीत होतं, मला नाही. तू लिहिलं आहेस: "मी गेल्यावर मला मातीत पुरू नका आणि विमानातही घालू नका. ऱ्हाईनमध्ये सोडा. सईला कधी मला भेटावंसं वाटलं तर तिला व्हिसा काढायला लागू नये." खाली सही, तारीख, पूर्ण नाव. इतकं नीट तर तू बँकेतसुद्धा लिहीत नव्हतीस.

अश्विनीने मग उलगडून सांगितलं. मराठी मंडळाच्या बायकांत चर्चा झाली होती की नदीच्या या बाजूच्या राज्यात नवा कायदा आला आहे. माणूस इथे राहत असेल आणि त्याने जिवंतपणी तसं लिहून ठेवलं असेल, तर त्याची रक्षा ऱ्हाईनमध्ये सोडता येते. र्युसेल्सहाइम पडतं दुसऱ्या राज्यात. तिथे कलश स्मशानातच पुरायचा. म्हणून तू खोकी एवढ्या उत्साहाने भरत होतीस का? माझ्याशी एक शब्द बोलली असतीस तर? पण बोलली असतीस तरी मी "अशुभ बोलू नको" म्हणून उठून गेलो असतो. हेही खरंच.

आता माझी करणी ऐक.

तुला नदीत सोडायची परवानगी मागितली, तेव्हा इथल्या ऑफिसात आम्हाला बोलावलं. मनोज गाडी लावायला जागा शोधत होता, म्हणून आत मी आणि अश्विनीच गेलो. टेबलामागची बाई तरुण होती, बोलायला गोड. तिने मला पाणी दिलं. मग विचारलं, तुम्ही नि तुमच्या पत्नी इथे कधीपासून राहता?

सुमन, त्याच्या आदल्या रविवारी मंडळात एकाने मला सांगितलं होतं, काका, अनमेल्डुंग वेळेत केली नसेल तर दंड होतो आणि पुढे परवानाही अडकतो. माझा राहण्याचा परवाना येत्या मार्चमध्ये संपतो. तू नाहीस. भारतातल्या घराला कुलूप. मला परत पाठवलं तर मी कोणाकडे बघू? हे सगळं त्या एका क्षणात डोक्यात आलं आणि मी अश्विनीला म्हणालो, सांग, आम्ही पाहुणे म्हणून आलो होतो. घर आमचं र्युसेल्सहाइमलाच आहे.

अश्विनी मराठीतच म्हणाली, "बाबा, असं नाहीये. ते घर तर आपण सोडलंय."

"मी सांगतो तेवढं सांग."

मी तिच्यावर कधी आवाज चढवला नव्हता. तिने खाली मान घालून सांगितलं. बाईने टाइप केलं, कागद पुढे केला, मी सही केली. बाहेर येऊन मला वाटलं, वाचलो. दंड नाही, प्रश्न नाही. दोन आठवड्यांनी उत्तर आलं: बाई या राज्यात राहत नव्हत्या असं पतीचंच म्हणणं आहे, म्हणून नवा कायदा त्यांना लागू नाही. कलश स्मशानात पुरा, नाहीतर भारतात नेत असल्याचे कागद दाखवा.

माझ्याच सहीने मी तुला मातीत घातलं.

अजून एक आहे. पत्रपेटीवर तू आपल्या दोघांच्या नावाची चिठ्ठी लावली होतीस ना, सईकडून इंग्रजी अक्षरांत लिहून घेतलेली, चिकटपट्टी वाकडी? ऑफिसातून आल्यावर मी ती खरवडून काढली आणि कागदाच्या डब्यात टाकली. कोणी तपासायला आलं तर दिसू नये म्हणून. चिकटपट्टीचा डाग अजून आहे. रोज टपाल काढायला जाताना मी तिकडे बघत नाही.

मनोजने वकील लावली. साठीची बाई आहे, पांढरे आखूड केस, सायकलवरून येते. तिने कोर्टात अर्ज केला. पहिला महिना तर हे कोर्ट की नदीपलीकडचं कोर्ट, याच्यातच गेला. हा हद्दीचा घोळ मला बरोबर कळला. जकात नाक्यावर अर्धं आयुष्य आडवा बांबू वरखाली करण्यात गेलं, हद्द म्हणजे काय ते मला कोणी शिकवायला नको. बांबूच्या अलीकडे मी सरकार, पलीकडे मला कुत्रं विचारत नव्हतं. इथल्या कोर्टाने सांगितलं, नकार आमच्या हद्दीतल्या ऑफिसने दिला आहे, तेव्हा तो बरोबर की चूक हे आम्हीच बघणार. पण बाईंना कायदा कोणता लावायचा, हे त्या कुठे राहत होत्या त्यावर ठरेल.

वकीलबाई बोलते तेव्हा मनोज मला मराठीत सांगतो. ती खोटा दिलासा देत नाही, हे एक बरं. ती म्हणाली, रक्षा स्मशानातच ठेवा असा नियम राज्याने करणं चूक नाही, असं या देशाच्या सगळ्यात वरच्या कोर्टानेही पूर्वी मानलं आहे. तेव्हा त्या बाजूने भांडण्यात अर्थ नाही. पण त्याच वरच्या कोर्टाने हेही मानलं आहे की माणसाचा मान त्याच्या मरणाबरोबर संपत नाही. आणि ऑफिसला जेवढं कायद्याने दिलं आहे तेवढंच करता येतं, त्यापुढे एक पाऊल नाही. कायदा म्हणतो, राहत असेल तर. कायदा असं म्हणत नाही की नाव लिहिलेलं असेल तर. नाव ही खूण आहे, राहणं ही गोष्ट वेगळी. ऑफिसने खूण बघितली आणि गोष्ट बघितली नाही, असं ती कोर्टाला सांगणार आहे.

"मग जिंकू ना?" मी विचारलं.

तिने तो माझ्या सहीचा कागद टेबलावर ठेवला आणि त्यावर बोट टेकवलं. जर्मनमध्ये काहीतरी म्हणाली.  मी दोनदा विचारल्यावर मनोज म्हणाला, "ती म्हणते, सरकारकडे आईविरुद्ध दुसरा काही पुरावा नाहीये, बाबा. फक्त तुम्ही."

तेव्हापासून मला झोप नाही, जेवण नाही. नाक्यावरची ती सकाळ सारखी समोर येते. टेम्पोतल्या माणसाच्या मांडीवर फडक्यात बांधलेलं मडकं होतं. साहेबांनी हुकूम केला, उघडून बघ, तूप असेल. तो माणूस नको नको म्हणत होता आणि मी गाठ सोडली. आत त्याच्या आईच्या अस्थी. घरी येऊन तुला सांगितलं तर तू ताट वाढून आत निघून गेलीस. तीन दिवस बोलली नाहीस. चौथ्या दिवशी म्हणालीस, "सरकारनं सांगितलं म्हणून तुमचा हात तिथवर गेलाच कसा?" मी म्हणालो होतो, नोकरी आहे, भीती वाटते. तू म्हणालीस, "भीती वाटते म्हणून माणूस काहीही करतो, ते मला ठाऊक आहे. मी फक्त विचारलं."

बघ, तेव्हाही भीती आणि आताही भीतीच. म्हातारा होऊन मी शिकलो काय?

मनोज गेल्या रविवारी माझ्या पायाशी येऊन बसला. लहानपणी मार खाल्ल्यावर बसायचा तसा. म्हणाला, बाबा, सोडून देऊ हे. अर्ज मागे घेतो, कागद करतो, आईला आपण नाशिकला नेऊ, चारचौघांसारखं होईल सगळं. उद्या तुम्ही कोर्टात उभे राहून 'मी खोटं लिहून दिलं' म्हणालात तर ते कागदावर येईल. मार्चमध्ये परवाना द्यायचा की नाही ते ठरवणारे हेच लोक आहेत.

मी विचारलं, वकीलबाई काय म्हणते? तर ती म्हणते, दंड बहुधा होईल. परवान्याचं ती सांगू शकत नाही. ते तिच्या हातात नाही.

"आणि तिने लिहून ठेवलंय त्याचं काय?"

मनोज गालिच्याचे दोरे उपटत होता. मग म्हणाला, "आईला कळणार नाहीये, बाबा."

त्याच्यावर रागावू नकोस. त्याची एक गेली आहे, दुसरा जाऊ नये म्हणून बोलतो बिचारा. माझ्या मनातही तेच होतं, फक्त त्याने तोंडाने म्हटलं. मी रात्रभर तेच घोळवत होतो. तुला कळणार नाही. खरंच कळणार नाही का गं? आणि नाही कळलं, तर मग मी हे पत्र कोणाला लिहितो आहे?

वकीलबाईने मला घरी करायला अभ्यास दिला आहे. बायको इथे राहत होती म्हणजे काय करत होती, ते आठवून लिहा म्हणाली. मोठ्या गोष्टी नकोत, रोजच्या हव्यात. मी बसलो तर कागद पुरेना. तू ओट्याच्या डाव्या कप्प्यात मिसळणाचा डबा ठेवलास आणि अश्विनीने उजवीकडे हलवला की पुन्हा डावीकडे आणत होतीस. वरच्या मजल्यावरच्या म्हातारीने तुला भोपळा दिला आणि तू तिला त्याचे घारगे नेऊन दिलेस. ती डबा परत द्यायला आली तेव्हा तुम्ही दोघी जिन्यात अर्धा तास बोलत होता, तू मराठीत, ती जर्मनमध्ये. "गेनाऊ, गेनाऊ" (बरोबर, बरोबर) म्हणून तू मान डोलवत होतीस. घरात येऊन म्हणालीस, फार दुःखी बाई आहे. कसं कळलं तुला? तिचा मुलगा वारला आहे, हे आम्हाला परवा कळलं, ती साक्ष द्यायला तयार झाली तेव्हा. काचेच्या बाटल्या रविवारी टाकल्या म्हणून शेजाऱ्याने हटकलं तर तू त्यालाच हात जोडून नमस्कार केलास. आणि देव. खिडकीशी फळीवर देव मांडलेस, पूर्व कुठे ते सईच्या फोनवर बघून.

हे सगळं ज्या घरात झालं तिथे तू पाहुणी होतीस, असं मी लिहून दिलं आहे.

काल संध्याकाळी सई माझ्याकडे आली. कोर्टात दुभाष्या असणार आहे, तरी एक वाक्य मला जर्मनमध्ये स्वतः म्हणायचं होतं, म्हणून तिला म्हटलं शिकव. माइने फ्राउ हाट हिअर गेवोन्ट. माझी बायको इथे राहत होती. बारा वर्षांची पोर, माझी जीभ चार वेळा सरळ केली. तुला माहीत आहे, तिला मराठी सगळं कळतं पण उत्तर येतं ते जर्मनमध्ये. तू किती मागे लागायचीस तिच्या. काल ती वही मिटून उठली, दारापर्यंत गेली आणि वळून मराठीत म्हणाली, "आजोबा, आजी तर माझ्या खोलीत झोपायची. मग तुम्ही खोटं का सांगितलं?"

मी तिची वही सरळ करत बसलो. ती मग गेली.

कोर्टातली न्यायाधीशबाई हेच विचारणार, वकीलबाईने मला सांगून ठेवलं आहे. आधी खोटं का सांगितलंत? ती म्हणाली, लांबण लावू नका, रडू नका, धर्माबिर्माचं फार सांगू नका. पंधरवड्याचं एका वाक्यात सांगा. पण मला दिवसभर वाटतं आहे, मी तोंड उघडेन आणि पुन्हा भलतंच बाहेर पडेल. समोर सरकार बसलेलं दिसलं की माझी मान आपोआप हलते, हो साहेब, बरोबर साहेब. तू शेजारी असतीस तर कोपराने ढोसलं असतंस. आता कोण ढोसणार?

कोर्टाने नाही म्हटलं तर काय, तेही मी विचारून ठेवलं आहे. वर अजून एक कोर्ट आहे, पण इतके दिवस कलश कपाटात ठेवणार नाहीत. मग नाशिक, नाहीतर इथली माती. तेव्हा जे आहे ते उद्याच. त्यांनी माझं खरं मानलं नाही, तर चूक त्यांची नाही. मीच त्यांना आधी खोटं दिलं.

म्हणून सुमन, हे तुला लिहून देतो, सहीनिशी. उद्या मी सांगेन की तू इथे राहत होतीस. इथे स्वयंपाक करत होतीस, इथे नातीच्या खोलीत झोपत होतीस, इथे मेलीस. नाव लावलं नाही ते मी लावू दिलं नाही म्हणून, आणि चिठ्ठी खरवडली तीही मीच. का खोटं बोललात विचारलं तर दंतकथा सांगणार नाही. म्हणेन, घाबरलो. मार्चमध्ये त्यांनी मला घालवून दिलं तर मी जाईन. एकटा राहीन, चहा करता येतो मला. पण सईला तिच्या प्रश्नाचं उत्तर मी उद्या कोर्टाच्या आधी देणार आहे, शाळेला निघताना, दारात. तिला ते दुसऱ्या कोणाकडून कळू देणार नाही.

तुझा,
दत्तात्रय